तीन नंबरची खिडकी

सोमवार

आजपासून मी नोकरदार. लेकीने तिच्या ऑफिसात उरलेली डायरी आणून दिली आणि म्हणाली, बाबा, रोज यात लिहीत जा, म्हणजे जेवताना आम्हाला तेच तेच ऐकावं लागणार नाही. टोमणा होता, पण डायरी छान आहे, कागद जाड आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, तेही मागच्या बाकावरचं. चुकलंमाकलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. वाचणार कोण म्हणा.

कोल्ड स्टोरेज लेकीच्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे. बाहेरून नुसती पांढऱ्या पत्र्याची मोठी पेटी. आत लांबलचक बोळ आणि दोन्ही बाजूंना गार खोल्या. कुठे सफरचंद, कुठे बटाटे, कुठे मटार. बोळाच्या तोंडाशी माझी काचेची केबिन. फिरती खुर्ची, पाठीला उशी, पायाशी हीटर. मी मफलर, कानटोपी आणि दोन स्वेटर चढवून गेलो होतो. माल निवडणाऱ्या बायका लगेच म्हणाल्या, काका, बटाटे पळून जाऊ नयेत म्हणून तुम्हाला ठेवलंय की तुम्हालाच टिकवायला ठेवलंय? मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

काम असं. प्रत्येक गार खोलीत आतल्या बाजूला बेलचं बटण आहे. कोणी आत अडकलं आणि बटण दाबलं की माझ्या कंप्युटरवर एक खिडकी आपोआप उघडते. तिच्यात खोलीचा नंबर आणि कॅमेऱ्याचं चित्र. खोलीतला गारवा कमी झाला तरी तीच खिडकी उघडते. मग मी फोन करायचा, नाहीतर स्वतः जाऊन बघायचं. बस एवढंच.

मॅनेजर माझ्या जावयाच्या वयाचा, कडक इस्त्रीचा. त्याने सगळं उभ्या उभ्या सांगितलं. पूर्वी ही खिडकी अख्खा पडदा झाकायची, म्हणून त्याने ती लहान करून घेतली. आता कोपऱ्यात काडेपेटीएवढी उघडते. मी म्हटलं, साहेब, माझ्या डोळ्यांना एवढंसं दिसेल का? तर म्हणाला, चष्मा बदला.

बुधवार

माऊस अजून हाताला येत नाही. बाण इकडे न्यावा तर तिकडे पळतो. पण आज पहिली खिडकी उघडली. खोली पाच, गारवा कमी. पडद्याला नाक लावून नंबर वाचला आणि फोन केला. बायकांनी दार उघडं टाकलं होतं, त्यांनी लोटलं. मला उगाच छाती फुगल्यासारखं झालं. घरी सांगितलं तर जावई म्हणाले, वा. एवढंच म्हणाले.

दुपारी मॅनेजर माझ्या खुर्चीत बसून मॅच बघतो. मी तेवढा वेळ स्टुलावर. ऐन रंगात खिडकी उघडली, खोली तीन. ही काडेपेटीएवढी नव्हती, पत्त्याच्या पानाएवढी होती, आणि नेमकी बॅटिंग करणाऱ्याच्या अंगावर पडली. मॅनेजरने न बघताच फुलीवर टिचकी मारून ती बंद केली. म्हणाला, तीन नंबरची खिडकी मेली वेडी झाली आहे, कंप्युटरवालीला विचारून तिची साईज ठीक करून घ्या. मी विचारलं, तीन नंबर तर बंद असते ना, नुसते रिकामे क्रेट आहेत, मग खिडकी कशाला उघडते? तो म्हणाला, प्रश्न विचारायला तुम्हाला ठेवलेलं नाही.

शुक्रवार

कंप्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना फोन केला. आवाजावरून अगदी तरुण वाटल्या, बोलताना काहीतरी चघळत होत्या. त्यांनी सांगितलं, आजोबा, खिडकीचा कोपरा बाणाने धरा, आत ओढा, हवी तेवढी लहान करा आणि मग बंद करा. ब्राउझर ती साईज लक्षात ठेवतो.

दुपारी तीन नंबर उघडली. आता पोस्टकार्डाएवढी. मी कोपरा धरला आणि ओढायला लागलो. माझं हे लिहिणं कोणाला खुळेपणाचं वाटेल, पण कोपरा सहज येत नव्हता. दोघांनी चादरीची घडी घालताना समोरच्याने आपलं टोक घट्ट धरून ठेवावं, तसा येत होता. शेवटी काडेपेटीएवढी झाली. कपाळाला घाम, आणि बोटं मात्र गार.

चित्रात क्रेट होते आणि वाफेसारखं धुकं. उजव्या कडेला काहीतरी लाल होतं. फडकं असेल.

शनिवार

सकाळी कंप्युटरवाल्या बाईंना पुन्हा फोन. त्यांनी सांगितलं तसं सगळं केलं. झूम शंभरवर आणला, जुनं साठलेलं पुसलं, शेवटी अशा खिडक्या उघडणंच बंद करून टाकलं. चहा घेऊन वळलो तर तीन नंबर उघडलेली. वहीएवढी.

खिडकी मोठी होते तसं चित्र मोठं होत नाही. चित्र तेवढंच राहतं, कडेला जे कापलेलं असतं ते दिसायला लागतं. लाल होतं ते फडकं नाही. स्वेटरची बाही आहे. कोपराला हिरव्या लोकरीचं रफू.

मी तसाच धावलो. गुडघ्यांनी जीव खाल्ला. तीन नंबरची कडी बाहेरून लावलेली. काढली, दार सरकवलं. कोणी नाही. क्रेट, बर्फाचा थर आणि अंग कापणारी थंडी. दार आतून उघडायची दांडी बर्फाने पार धरलेली. तिच्याशेजारी बेलचं बटण. मी ते दाबून बघितलं आणि केबिनमध्ये परत आलो. पडद्यावर काहीच नव्हतं. म्हणजे मी दाबलं तर खिडकी उघडत नाही.

तेवढ्यात मॅनेजर आला. तीन नंबर का उघडली म्हणून सगळ्या बायकांसमोर माझा पाणउतारा केला. म्हणाला, ती खिडकी आजच्या आज लहान झाली पाहिजे, नाहीतर जा घरी आणि बसा जावयाच्या जिवावर. बायका खाली माना घालून सफरचंदं फिरवत राहिल्या. माझे कान तापले. मला हे नाही जमत, उलट बोलणं.

मी खुर्चीत जाऊन बसलो. खिडकी उघडली. मी कोपरा धरला आणि सगळं बळ लावून ओढला. काडेपेटीहून लहान, बंद करायची फुली तेवढी उरेपर्यंत. मिटता मिटता त्या बाहीतला हात वर झाला. मी फुलीवर टिचकी मारली.

रविवार

सुट्टी. लेक म्हणाली, बाबा, हात का चोळताय सारखे? मी म्हटलं, सवय लागली.

सोमवार

मुकादमबाईंना विचारलं. माल निवडणाऱ्या बायकांवर त्या देखरेख करतात. तोंडाने फटकळ, पण माझ्यासाठी चहा झाकून ठेवतात. मी विचारलं, हिरव्या रफूचा लाल स्वेटर कोणाचा हो? त्यांचे हात थांबले.

त्यांच्या धाकट्या जावेचा. लाल लोकर संपली म्हणून कोपराला हिरवी लावली ती मुकादमबाईंनीच. जाऊ त्यावरून रुसली होती. दोघींचं कधी पटलं नाही, म्हणाल्या, चुलीपासून दोरीवरच्या कपड्यांपर्यंत भांडण. आता भांडायला घरात कोणी नाही.

मागच्या हिवाळ्यात ती तीन नंबरमध्ये क्रेट मोजायला गेली. मागून दार सरकलं, कडी पडली. ती बेल दाबत राहिली. इथे, माझ्या याच खुर्चीत, मॅनेजर मॅच बघत होता. काडेपेटीएवढी खिडकी उघडत होती आणि तो न बघता बंद करत होता. उघडली की बंद, उघडली की बंद. संध्याकाळी सापडली तेव्हा तिचं बोट बटणावरच होतं.

मुकादमबाईंनी त्याला विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “बाई, एवढ्याशा चौकोनात मला काय दिसणार होतं?” मग चौकशीला माणसं आली. त्यांना त्याने सांगितलं की बेलच बिघडलेली होती. आणि ते खरं दिसावं म्हणून, ती माणसं येण्याआधीच, त्याने तीन नंबरची वायर स्वतःच्या हाताने कापली. ती अजून तशीच आहे.

हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. रडल्या असत्या तर मला कमी भीती वाटली असती.

मंगळवार

कंप्युटरवाल्या बाई येऊन गेल्या. मागे वाकून बघितलं. तीन नंबरची वायर तुटलेलीच आहे. म्हणाल्या, या खोलीची खिडकी उघडूच शकत नाही, आजोबा. त्यांनी पाच नंबरची उघडून तिचा कोपरा ओढून दाखवला. हलला नाही. ही साईज पक्की बसवलेली आहे, कालच बघितलं, हाताने बदलतच नाही, फोनवर मी चुकीचं सांगितलं, असं म्हणाल्या.

मग मी इतके दिवस काय ओढत होतो?

माझ्याकडे म्हाताऱ्या माणसाकडे बघतात तसं बघून त्या गेल्या. त्यांची स्कूटर फाटकाबाहेर पडली आणि खिडकी उघडली. अर्धा पडदा. पूर्ण बाई. केसांवर बर्फाची पिठी. तोंड हलतं आहे. ती माझ्याकडे बघत नाही. माझ्या खुर्चीकडे बघते आहे. कंप्युटरवाल्या बाईंना खुर्ची दिल्यापासून मी स्टुलावरच बसलो होतो.

मी साईज लहान केली नाही. हात नाही लावला.

बुधवार, संध्याकाळी

जसं झालं तसं लिहितो.

मॅनेजरची मॅच रंगात आली होती. खिडकी उघडली आणि अख्खा पडदा झाकला. नुसता चेहरा, गळ्याशी लाल स्वेटर. त्याने फुली शोधली, फुली नव्हती. बटणं बडवली. त्याचा रंग उतरला. मग एकदम माझ्यावर उखडला, की हे मी आणि मुकादमबाई मिळून करतो आहोत, आत कोणाला तरी तिचा स्वेटर घालून बसवलं आहे. तिला झिंज्या धरून बाहेर आणतो, म्हणाला, आणि गेला.

बोळात त्याचे बूट वाजले. दार सरकलं. मग पुन्हा सरकलं. मग कडी.

बोळात तेव्हा कोणीच नव्हतं. मी काचेतून बघत होतो.

पडद्यावरचा चेहरा गेला आणि खिडकी लहान झाली. काडेपेटीएवढी. तिच्यात त्याचा पट्ट्यांचा शर्ट. तो बटण दाबत होता. वायर त्यानेच कापलेली, आणि तरी तो दाबेल तशी खिडकी उघडत होती.

मी उठलो. खरंच उठलो होतो. दारात मुकादमबाई उभ्या होत्या. पदराला हात पुसत आत आल्या, वाकून पडदा बघितला, बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, “एवढ्याशा चौकोनात काय दिसतंय, काका? मला तर काही दिसत नाही.”

मला दिसत होतं. नाक लावलं की दिसतं.

मला शनिवार आठवला. सगळ्यांसमोर. जावयाच्या जिवावर.

मी खाली बसलो आणि फुलीवर टिचकी मारली. पुन्हा उघडली. पुन्हा मारली. मुकादमबाई स्टुलावर बसून होत्या. त्यांनी माझ्यासाठी झाकून ठेवलेला चहा आणला होता. मी तो प्यालो.

गुरुवार

माणसं आली, चौकशी झाली. मुकादमबाई म्हणाल्या, तीन नंबरची बेल बिघडलेलीच आहे, साहेबांनीच मागे तसं लिहून दिलं होतं. मला विचारलं. मी म्हटलं, मला काही दिसलं नाही. माझा चष्मा जुना आहे.

सगळ्यांना पटलं.

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. घरी येऊन पोटभर जेवलो.

शुक्रवार

दिवसभर एकही खिडकी नाही. झालं, फिटलं, असं मी मुकादमबाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, तिचं आणि माझं कधी पटलं नाही, काका, पण एक सांगते. ती हिशेबाला पक्की होती. टिचकी कोणी मारली ते ती विसरायची नाही.

मग मीच का? त्याही होत्या ना इथे. पण त्यांनी माऊसला हात लावला नव्हता.

शनिवार

हीटर चालू आहे. लाल दिसतो आहे. तरी श्वासाची वाफ होते. काचेला आतून बर्फ धरतो आहे.

आत्ता खिडकी उघडली. पडद्याएवढी. वर नंबर नाही. वर लिहिलं आहे, केबिन.

केबिनमध्ये कॅमेरा नाही.

चित्रात टेबल. डायरी. कानटोपी. मी लिहितो आहे तसा तो लिहितो आहे —

दार लागलं आहे. कडी बाहेरून — केबिनला बाहेरून कडीच नाही, मी रोज —

काच बडवली. बायका निवडत आहेत. एकीने मान वर केली. हसली. काकांचं काहीतरी चाललंय, असं —

खिडकी लहान होते आहे. आता वहीएवढी. मी कोपरा धरला आहे, बाहेर ओढतो आहे. दुसऱ्या बाजूने कोणीतरी —

एका हाताने लिहितो. पोस्टकार्डाएवढी.

अगं बाई, मी मंगळवारी हात नाही लावला. तू मोठी झालीस तेव्हा मी मोठी राहू दिली — शनिवारी त्याने सांगितलं म्हणून — बुधवारी तर तुझ्यासाठीच —

पत्त्याएवढी. चित्रातला म्हातारा काच बडवतो आहे. मी लिहितो आहे आणि तो बडवतो आहे.

मुकादमबाई आल्या. काचेबाहेर उभ्या. डोळ्यांवर हात धरून आत बघतात. बघा, नीट बघा, नाक लावा, नाक लावलं की दिस