‘भरली गाडी’ या गेमच्या खोट्या ब्रेकाबाबत

मी, मारोतराव धोंडबाजी नखाते, वय वर्षे ७२, रेल्वेतून लोको इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त, राहणार चरोदा, भिलाई-३, जिल्हा दुर्ग, छत्तीसगड, आज शुक्रवार दिनांक २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुपारचे जेवण करून, गोळ्या घेऊन, पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. ‘माझ्यावर कोणाचाही दबाव अगर धाक नाही’ असे पुढे लिहायची पद्धत आहे. दबाव नाही हे खरे. धाक आहे. मी घाबरलेलो आहे, आणि कशाला घाबरलो ते पुढे कलमवार येईल. वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात भावना लिहू नये. वकीलसाहेबांनी भरलेली मालगाडी उतारावर कधी चालवलेली नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. चरोद्यातील माझे घर, खाली दोन खोल्या, वर एक, मागे मुनग्याचे म्हणजे शेवग्याचे झाड, हे माझ्या स्वकष्टाच्या पैशातून बांधलेले आहे. ते माझ्या पश्चात माझा पुतण्या रूपेश शेषराव नखाते यास मिळावे. रूपेश माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. त्याच्या बापाशी मी बावीस वर्षे बोललेलो नाही, तरी हा पोरगा दर रविवारी भाजी घेऊन येतो, माझी शुगर तपासतो आणि ‘मोठे बाबा, तुम्ही पुन्हा गोड खाऊन राहिले’ म्हणून मलाच दम देतो. तो रेल्वेत असिस्टंट लोको पायलट आहे. तो आणि त्याची बायको रोशनी भाड्याच्या एका खोलीत राहतात आणि फेब्रुवारीत रोशनीचे दिवस भरतात. म्हणून घर त्याला.

कलम २. माझी मुलगी उत्कर्षा पुण्यात असते. तिने मला घर नको असे फोनवर दोनदा सांगितले आहे. बँकेतील ठेवी, तिच्या आईचे म्हणजे कै. विजयाचे दागिने, आणि आमच्या गेमचे सर्व हक्क तिला मिळावेत. विजयाची शिवणमशीन मात्र माझी भावजय भागाबाई हिला द्यावी. भागाबाईने माझे वाटोळे केले, पण तिच्या हाताला वळण आहे, हे मी नाकबूल करू शकत नाही.

कलम ३. माझा भाऊ शेषराव यास मी काहीही देत नाही. कारण पुढीलप्रमाणे.

२००२ साली उत्कर्षा दुर्गला कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती आणि मी मालगाडी चालवत होतो. आठ महिने खपून आम्ही बापलेकीने ‘भरली गाडी’ नावाचा गेम बनवला. दुर्गहून भरलेली मालगाडी घ्यायची, सिग्नल पाळायचे, डोंगरगड ओलांडायचे, दरेकशाचा उतार सांभाळायचा आणि गोंदियात नीट उभी करायची. चढ-उतार मी सांगायचो, ती कॉम्प्युटरमध्ये लिहायची. सीडीबरोबर चोवीस पानी पुस्तिका होती. गेम सुरू होताना विचारायचा, पान अकरा, ओळ चौथी, शब्द दुसरा कोणता? पुस्तिका नसेल त्याला गाडी मिळत नसे. पुस्तिकेची झेरॉक्स निघू नये म्हणून तपकिरी कागदावर लाल छपाई केली. झेरॉक्स काढली की अख्खे पान काळे. मी भलताच खूश होतो.

शेषरावाचे भिलाईच्या सुपेला बाजारात सीडीचे दुकान होते. मी स्वतःच त्याला दहा सीड्या विकायला दिल्या. भाऊ ना! महिन्याभरात साऱ्या सुपेल्यात माझा गेम पॉलिथिनच्या पाकिटात मिळू लागला आणि सोबत पुस्तिकाही. भागाबाईने चोवीसही पाने वहीत हाताने उतरवून काढली होती आणि त्या वहीची झेरॉक्स वाटत होते. तिचे अक्षर माझ्या छपाईपेक्षा चांगले होते.

मी दुकानात जाऊन ओरडलो. शेषराव गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, “दादा, सुपेल्यात सारंच कॉपी हाय. तुह्यीच सीडी मोठी सोन्याची लागून गेली!” आणि आतून भागाबाई, “भाऊजी, चोरी कावून म्हणता? हात दुखेवरी लिवलं मी!”

आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून पोलिसात गेलो नाही. दुसरे केले. ते कलम ४ मध्ये आहे.

कलम ४. गेमच्या दुसऱ्या आवृत्तीत उत्कर्षाने सीडीवर एक खूण ठेवली. सीडीची नक्कल केली की ती खूण नकलेत उतरत नसे. खूण दिसली नाही तर गेम बंद पडावा, असे तिने लिहिले होते. मी म्हणालो, बंद पाडू नको. बंद पडला तर शेषराव उद्या दुसरी युक्ती काढेल. चालू दे. तीन फेऱ्या नीट होऊ दे. चौथ्या फेरीपासून दरेकशाच्या उतारावर ब्रेक खोटा कर. काटा हलू दे, हवेचा आवाज येऊ दे, गाडी मात्र थांबू देऊ नको.

उत्कर्षा म्हणाली, “बाबा, चोराले शिक्षा करा, पण गाडीचं खोटं नका शिकवू. लहान पोरं खेळतात ते.”

मी म्हणालो, “चोराच्या पोरांची गाडी पडू दे.”

हे माझे शब्द आहेत. तिने मान खाली घालून तसे लिहिले. यात तिचा काडीचाही दोष नाही, हे मी येथे लिहून ठेवतो. पुढे महिनाभर सुपेल्यात गिऱ्हाइके सीड्या परत आणून शेषरावाशी भांडत होती, हे कानावर आले तेव्हा मी विजयाला शिरा करायला लावला. विजया म्हणाली, “कोणाचं वाईट झालं म्हणून गोड खाऊन राहिले तुम्ही?” मी दोन वाट्या खाल्ल्या.

कलम ५. चार वर्षांपूर्वी रूपेश रेल्वेत लागला. बापाला न सांगता पेढे घेऊन माझ्याकडे आला, पाया पडला आणि म्हणाला, “मोठे बाबा, तुमच्याच गेमवर शिकलो मी. सात वर्षांचा होतो तेव्हापासून. आमच्या दुकानातलीच सीडी होती.” मी हसलो. मग तो टेबलावर हात ठेवून दाखवू लागला, “दरेकशाच्या उतारावर सारे पोरं गाडी पाडत. बस मलेच जमे. ब्रेक लागत नाही ना, तर पूर्ण सोडून द्यायचा. मतलब, एकदम पूर्ण. आणि मग दणकन मारायचा. थांबतेच!”

आमच्या कुलपात ती एक फट राहिली होती. खोटा ब्रेक एकदा पूर्ण सोडला की गेममध्ये तो पुन्हा खरा होत असे. उत्कर्षाला ते दिसले नाही, मला दिसले नाही, आणि सात वर्षांच्या पोराला सापडले.

ज्यांना गाडीतले कळत नाही त्यांच्यासाठी लिहितो. मालगाडीच्या प्रत्येक डब्याखाली हवेची टाकी असते. त्या हवेवर ब्रेक लागतो. ब्रेक सोडला की टाक्या पुन्हा भरायला वेळ लागतो, आणि उतारावर तेवढा वेळ नसतो. टाक्या भरायच्या आत पुन्हा ब्रेक मारला तर तो पहिल्यापेक्षा कमी लागतो. तिसऱ्यांदा आणखी कमी. मग अठ्ठावन्न भरलेले डबे मागून ढकलत असतात आणि ड्रायव्हरच्या हातात नुसता दांडा उरतो. म्हणजे जे कधीच करू नये, नेमके तेच माझ्या गेमने या पोराला शिकवले, आणि वरून गाडी थांबवून शाबासकी दिली.

मी म्हणालो, “पेढा घे.”

तेव्हापासून आजवर मी त्याला सांगितलेले नाही. किती रविवार तोंड उघडले आणि ‘पाणी दे’ म्हणालो. सांगितले तर सारेच सांगावे लागेल, ‘चोराची पोरं’ हेसुद्धा. मनाची समजूत घालत आलो की, रेल्वे त्याला नीट शिकवेल. शिकवलेच आहे. पण मी नऊ वर्षे इन्स्पेक्टर म्हणून दुसऱ्यांच्या इंजिनात उभा राहून त्यांचे हात पाहिले आहेत. माणूस घाबरला की नवे शिकलेले विसरतो आणि लहानपणी अंगात मुरलेले करतो. तो असिस्टंट होता तोवर ब्रेकवर दुसऱ्याचा हात होता. आता एक डिसेंबरपासून रूपेश स्वतः मालगाडी चालवणार आहे. परवा त्याने हे मला सांगितले तेव्हापासून मला धड झोप नाही. माझे घर यार्डाजवळ आहे. तिथून हवेचा फुस्स आवाज आला की मी दारात जाऊन उभा राहतो. रोशनीचा फोन आला की आधी देवाचे नाव घेतो आणि मग उचलतो.

शनिवार, २२ नोव्हेंबर. काल येथेच थांबलो होतो. आज सकाळी चहा घेऊन सर्व वाचून पाहिले आणि स्वतःचीच लाज वाटली. दोन गोष्टी दिसल्या.

एक. कलम १ मध्ये मी रूपेशला घर का देतो याची कारणे लिहिली आहेत, भाजी, शुगर, रोशनीचे दिवस. ती खरी आहेत. पण खरे कारण कलम ५ मध्ये आहे. मी घर देऊन त्याचे तोंड आधीच बंद करायला बघत होतो.

दोन. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. डॉक्टर म्हणतात, काका, तुम्हाला अजून पाच-सात वर्षे काही होत नाही. रूपेशची पहिली गाडी नऊ दिवसांनी आहे. मी केवढा मोठा कबुलीजबाब लिहीत बसलो होतो, आणि तो कोणाच्या तेराव्याला वाचला गेला असता?

वकीलसाहेबांना फोन केला. विचारले, साक्षीदाराला मृत्युपत्र वाचावे लागते का? ते म्हणाले, गरज नाही, पण वाचायला बंदीही नाही. मात्र ज्याला काही मिळणार असेल त्याची साक्ष घेऊ नका, पुढे भांडणे होतात. मी म्हणालो, बरे झाले.

कलम ६. वरील कलम १ मी रद्द करीत आहे. घर उत्कर्षाला मिळावे. रूपेशला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही, आणि तो याचा साक्षीदार राहील. सहीआधी त्याने हे पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्यासमोर वाचावे. तोंडाने सांगायची हिंमत माझ्यात नाही, लिहिलेले हातात द्यायची आहे. वाचून त्याने कागद फाडला तर तो त्याचा हक्क आहे. घर मध्ये असते तर त्याला नीट रागावताही आले नसते.

कलम ७. सुपेल्याहून किती नकला गेल्या आणि त्यावर खेळलेली किती पोरे पुढे इंजिनात चढली, हे मला माहीत नाही. उत्कर्षाने ‘भरली गाडी’ सर्व कुलपे काढून, खऱ्या ब्रेकासह, इंटरनेटवर फुकट ठेवावी आणि जुनी नक्कल खोटे शिकवते हे हिंदी-मराठीत माझ्या नावानिशी लिहावे. तिच्याशी फोनवर बोललो. तिने सारे ऐकून घेतले. मग म्हणाली, “ठेवते, बाबा. आधीच ठेवायला पाहिजे होतं.” शेषरावाला यातले काही माहीत नाही. त्याच्याकडे जाऊन सांगायचे काम माझे आहे, ते मी मरायच्या आत करीन.

रविवार, २३ नोव्हेंबर. रूपेश सकाळी मेथीची जुडी घेऊन आला. शुगर तपासली, १६२. मग मी त्याच्यापुढे हे कागद ठेवले. शेजारचे राजदीप मेश्राम साक्षीदार म्हणून आले होते, त्यांना मी ओसरीत बसवले.

रूपेशने दोनदा वाचले. पहिले वाक्य बोलला ते असे, “चार वर्षं, मोठे बाबा. चार वर्षं मी तुमची शुगर पाहून राहिलो.”

मी म्हणालो, हो, चार वर्षे.

मग तो म्हणाला, “पर आता तसं नाही होत. मागच्याच महिन्यात सिम्युलेटरवर पास झालो न मी.” मी त्याला टेबलाची कड धरायला लावली, ब्रेकचा दांडा समजून. आणि इन्स्पेक्टर असताना ओरडायचो तसा एकाएकी ओरडलो, “उतार! गाडी थांबून नाही राहिली!” त्याचा हात सुटला. पूर्ण सुटला आणि पुन्हा दणकन बसला.

दोघांनीही पाहिले. पुन्हा केले, पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा त्याला माहीत होते की मी ओरडणार आहे, तरी सुटला. राजदीप ओसरीतून धावत आले, काय झाले म्हणून.

रूपेश खुर्चीत बसून आपल्या हाताकडे बघत राहिला. म्हणाला, “सिम्युलेटरवर कोणी ओरडलं नव्हतं.” मग म्हणाला, “घर गेलं ना मग आमचं?” मी म्हणालो, हो. “रोशनीले काय सांगू?” माझी भीती गेलेली नाही. पण आता आम्ही दोघे घाबरलेले आहोत, आणि एकट्याने घाबरण्यापेक्षा हे बरे आहे.

त्याने पेन मागितले. साक्षीदाराने सहीखेरीज काही लिहू नये, असे राजदीप म्हणाले. मी म्हणालो, लिहू द्या.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः लिहिले, वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

मारोतराव धोंडबाजी नखाते
(सही)

ठिकाण : चरोदा, भिलाई-३
दिनांक : २३ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार पहिले : राजदीप मेश्राम, राहणार चरोदा. नखातेकाकांनी माझ्यासमोर सही केली.
(सही)

साक्षीदार दुसरे : रूपेश शेषराव नखाते. सगळं वाचलं. माह्या हातात तो ब्रेक अजून आहे. आताच साहेबांना फोन करून सांगितलं, एक तारखेले मी गाडी घेत नाही.
(सही)