टेकाडावरचं पाणी

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि कामाचं असं तुमच्याशी मी आज पहिल्यांदाच बोलते आहे. आमच्या नगरपरिषदेनं नागरिकांची सल्लागार समिती नेमली आहे आणि मी तिची सदस्य आहे. निवृत्त मुख्याध्यापिका, कोणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून कोणीतरी माझं नाव सुचवलं असेल. एक डॉक्टर आहेत, एक वकील, एक-दोन व्यापारी आणि टेकाडावरच्या वस्तीतली एक मुसलमान बाई. तिला मी आणली. पाण्याचं बोलायचं तर जिथं पाणी पोचत नाही तिथलं माणूस इथं हवं, असं मी पहिल्याच बैठकीत ठणकावून सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

वस्ती नळाच्या लाइनीच्या अगदी शेवटी आहे. टाकीजवळच्या पेठेत लोकांनी नळाला थेट मोटारी लावल्यात. पाणी सुटलं की त्या घरघरायला लागतात आणि टेकाडावरच्या नळांतून नुसती हवा येते. ही बाई शिवणकाम करते, माझे ब्लाउज तिच्याकडेच असतात. समितीत ये म्हटल्यावर मशीनवरचा पाय न थांबवता ती म्हणाली, "बाई, मी तिथं काय करू? मला निस्तं बोलता येतं."

"तेवढंच करायचंय."

"मंग पानी येईल?"

"बोललीस तर येईल," मी म्हणाले. पस्तिशीतली बाई, पण मी तिला वर्गातल्या मुलीसारखं सांगितलं आणि तिनंही तसंच ऐकलं.

मला एवढी खात्री कुठून आली असेल, तर तुमच्याकडूनच. तुम्ही कालव्याचे पाटकरी, शेतांना पाळीनं पाणी सोडणारे. आजही डोळ्यांपुढं आहे, कालव्याला आवर्तन सुटलं की तुम्ही मला सायकलच्या नळीवर बसवून पार शेवटच्या चारीपर्यंत नेता. वरचे बागायतदार वाटेत उभे असतात. "पाटकरी, आमच्या बांधावरनं पानी चाललंय आन् आमी बघत बसायचं व्हय?" तुम्ही पायडल न थांबवता म्हणता, "बघा की. बघायला पट्टी न्हाई लागत." शेवटच्या माणसाचं रान भिजल्याशिवाय तुम्ही वरची दारं उघडत नाही. एकदा मोसंबीची पाटी घरी आली होती. आई हात पुसत बाहेर येईपर्यंत तुम्ही ती उंबऱ्यावरूनच परत धाडलीत आणि मी कितीतरी वेळ फुगून बसले. संगमनेरला कॉलेजात राज्यशास्त्र शिकताना समान वाटप, लोकसहभाग असे शब्द आले की मला ती शेवटची चारी दिसायची. मात्र दार उघडायची किल्ली तुमच्या खिशात होती, हे मी विसरले.

तर मी समितीत तेच मांडलं. वस्तीचा व्हॉल्व्ह आधी उघडा, पेठेचा नंतर. खर्च काही नाही, फक्त क्रम बदलायचा. आमच्या बैठकीची एक रीत आहे, अण्णा. चहा आला की विषय संपला. अध्यक्ष दाराकडे बघतात, शिपाई ट्रे घेऊन आत येतो आणि कप हातात आल्यावर वाकडं बोलणं असभ्य ठरतं. माझं झालं आणि ती बोलायला उभी राहिली. "सायेब, आमच्यात पोरी शाळा बुडवून हंडा घेऊन..." एवढ्यात ट्रे आला.

"ताई, चहा निवतोय, आधी घ्या," एक व्यापारी म्हणाले. "आज रोजा-बिजा नाही ना?"

सगळे हसले. तीही हसली आणि तिनं कप घेतला. मीही घेतला. सूचनेची नोंद घेतली, सध्याचाच क्रम सर्वानुमते कायम, असं कामकाज झालं. दुसऱ्या दिवशी मी मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये गेले. तरुण माणूस, नम्र. उठून खुर्ची देतो. म्हणाला, "मॅडम, तुमचा सल्ला मोलाचाच आहे. पण समिती सल्लागार आहे ना." उद्धट माणसाला मी सरळ करू शकते. याला काय करणार?

खरं पुढंच झालं. वस्तीतल्या बाया रिकामे हंडे घेऊन कचेरीत गेल्या, तर त्यांना सांगण्यात आलं, तुमचीच बाई बैठकीत होती, तिच्यासमोर ठरलंय, तिलाच विचारा. बाया तशाच वळल्या आणि तिच्या दारात गेल्या. आधी त्या निदान नगरपरिषदेला शिव्या देत होत्या. आता म्हणतात, ही खुर्चीवर बसली, चहा प्याली आन् आमाला इकून आली. तिच्याकडे शिवायला येणारे कपडे बंद झालेत. नवरा टेम्पोवर, घर निम्मं त्या मशीनवर चालतं.

मी लहानपणी तुम्हा दोघांना न विचारता मैत्रिणींना जेवायला घेऊन आले होते. घरात पीठ नव्हतं. आईनं शेजारून उसनं आणून भाकरी थापल्या, मुली जेवून गेल्या, मग चुलीपुढं बसून तुम्ही मला म्हणालात, "आवतन द्यायच्या आदी चुलीत बघावं." पुढं कितीतरी पालकांना, शिक्षकांना मी हे वाक्य ऐकवलं असेल.

काल ती माझा ब्लाउज द्यायला आली. बस म्हटलं तरी बसली नाही. "बाई, लोकान्ला मी काय सांगू? आन् माझं नाव काढता येतंय का?" नाव काढता येतं. पण काढलं तर वस्तीचं तिथं कोणी राहणार नाही आणि कचेरी म्हणेल, तुमची बाई स्वतःच सोडून गेली. ठेवलं तर जे काही ठरेल त्याला ती जबाबदार आणि घरात मशीन बंद. हे मी तिला सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "परवा बैठक आहे. पुन्हा मांडू. मी घ्यायला येते, तयार राहा." अगदी माझ्या नेहमीच्या आवाजात. ब्लाउज खुर्चीवर ठेवत ती म्हणाली, "बरं."

उद्या काय मांडायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. मांडण्यासारखं नवं काही नाहीच. तुम्ही असतात तरी हे पत्र मी तुम्हाला दिलं नसतं, कारण यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायची मला लाज वाटली असती. मी वेळेवर जाईन, कडी वाजवीन, तिच्या नावानं हाक मारीन. पण तिनं दार उघडू नये, असं मला वाटतंय.