दोन किल्ल्या आत, आम्ही दोघं बाहेर

ती. दादास,

तुला नमस्कार, आणि वहिनींना जरा जास्त वाकून, कारण रविवारी ताटकळलास तू, पण अन्न वाया गेलं ते त्यांच्या हातचं. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींची कंबर? (हे समोर बसून विचारणार होतो. तुझ्या दारात पहिलं वाक्य गुडघ्यांवर बोलायचं, असं घरून निघतानाच ठरवलं होतं.) इकडे आम्ही ठीक आहोत. म्हणजे ही ठीक आहे. मी हिच्या नजरेतून उतरलो आहे, पण ताप वगैरे नाही.

तुझं कार्ड आलं ते नऊ वर्षांनी. 'रविवारी दोघं जेवायला या, एकला पानं घेऊ', एवढंच. मी ते चारदा वाचलं, हिने एकदा वाचलं आणि म्हणाली, गाडी भाड्याने घ्या. तुमच्याकडे रविवारी थेट बस नाही हे तू जाणतोसच. निवृत्त झाल्यावर मी गाडी शिकलो हे मात्र तुला ठाऊक नसेल. आपण बोलत नव्हतो ना.

आता घडलं ते सांगतो. बँकेच्या तिजोरीवर मी एकतीस वर्षं काढली. तिजोरीला दोन किल्ल्या, त्या दोन माणसांकडे, आणि दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा नियम माझ्या अंगात इतका मुरला आहे की साखरेचा डबा उघडतानाही मी हिला हाक मारतो, असं ही सगळ्यांना सांगते. (अतिशयोक्ती आहे. दोनदाच मारली.) तर भाड्याच्या गाड्यांच्या दुकानातल्या बाईंनी गाडीच्या दोन्ही किल्ल्या एकाच तारेच्या कडीत ओवून माझ्या हातात ठेवल्या. "राहू द्या काका एकत्र, परत करताना बरं पडतं," म्हणाल्या. मी त्यांना दोन किल्ल्यांचं महत्त्व समजावून सांगितलं, पक्कड मागवली, कडी तोडली, किल्ली क्रमांक एक स्वतःकडे ठेवली, क्रमांक दोन हिच्या स्वाधीन केली आणि तशी पोच हिच्याकडून लिहून घेतली. बाई काम सोडून माझ्याकडे बघत होत्या. मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

सव्वादहाला पेट्रोल पंपावर थांबलो. चाकांत हवा पुरेशी होती, पण तुझ्या दारात गाडी ताठ उभी दिसावी असं मनात होतं. ही तोंड धुवायला गेली. हवा भरून झाल्यावर मीही तिच्या मागोमाग जावं म्हणून चारही दारांची बटणं दाबली, दारं लावली आणि शिरस्त्याप्रमाणे प्रत्येक मूठ तीन-तीनदा ओढून पाहिली. बारा वेळा ओढली, दादा, आणि एकदाही दार उघडलं नाही याचं मला समाधान वाटलं. किल्ली क्रमांक एक मी गाडी बंद करताच कोटाच्या खिशात ठेवली होती आणि कोट मागच्या खिडकीशी टांगलेला होता. क्रमांक दोन हिच्या पर्समध्ये होती आणि पर्स पुढच्या सीटवर. ही परत आली आणि तिने माझ्याकडे किल्ली मागितली. मी तिच्याकडे मागितली. मग आम्ही दोघांनी काचेतून आत पाहिलं. नियम कुठेही मोडला नव्हता, फक्त किल्ल्या सांभाळणारी दोन्ही माणसं तिजोरीबाहेर राहिली होती.

पुढच्या अर्ध्या तासात पंपावरच्या प्रत्येकाने अक्कल पाजळली. एका ट्रकवाल्याने काचेच्या फटीतून तार घातली, ती आतच पडली. एक बाई म्हणाल्या, काच फोडा. मी म्हटलं, भाड्याची गाडी आहे. तर म्हणाल्या, "मग तुमचं काय जातंय?" शेवटी पंपवाल्याने किल्लीवाल्याला फोन लावला.

आणि त्याची वाट बघत असताना सीटवरचा माझा फोन वाजू लागला. वर 'दादा' अशी अक्षरं आली होती. कुठवर आलात, हे विचारायला केला असशील. नऊ वर्षांत ती अक्षरं तिथे उमटली नव्हती. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. मी काचेला नाक लावून उभा होतो. "कुणाचा फोन एवढा?" ट्रकवाल्याने विचारलं. मी म्हटलं, घरचा. फार वाईट वाटलं, दादा.

तो किल्लीवाला उगवला थेट चार वाजता. जेवणवेळ टळून गेली होती, तेव्हा कोणत्या तोंडाने यायचं म्हणून तिथूनच परतलो. राग नसावा. वहिनींनाही तसंच सांग.

तुझा, होता तसाच,
धाकटा

ता. क. हिने पत्र वाचलं आणि पाकीट चिकटवू देत नाही. तेव्हा खरं लिहितो. किल्लीवाला साडेअकराला मोटरसायकलवर आला आणि दोन मिनिटांत गाडी उघडून गेला. तिथून तुझं घर पाऊण तासावर. मी गाडी सुरू केली आणि परत आमच्या घराकडे वळवली. फोन पंपावरही होता, आणि तुझा नंबर मला पाठ आहे.

आणखी एक. आईच्या शेवटच्या आठवड्यात तू तीनदा निरोप धाडलेस आणि मी कळवलं, तपासणी चालू आहे, किल्ली सोडून येता येत नाही. तपासणी खरी होती. पण किल्ली दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला एक सही पुरते, दादा. दहा मिनिटांचं काम. आईला तशी पाहायची मला भीती वाटली. नंतर तू म्हणालास, "तू किल्ल्याच सांभाळ," आणि दादा फार लागेल असं बोलला, हे मी नऊ वर्षं लोकांना सांगत फिरलो. तुझं बरोबर होतं. रविवारी पानावर बसण्याआधी हे बोलावं लागणार होतं, म्हणून वळलो.

शेवटचं. पुन्हा बोलाव म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो. शनिवारी थेट बस असते, अकराला तुमच्या थांब्यावर येते. त्या बसने येतो. घर मला सापडेल, पण तू थांब्यावर ये. तू समोर उभा दिसलास तर मला उतरावंच लागेल.