तुमच्या वाट्याची सुई

डम्बर बोगटी यांस, जे आता बिष्णाचे नवरे आहेत,

गुप्तरोगांचा अभ्यास करणारी मंडळी नेपाळातल्या आपल्या अछाम जिल्ह्यातल्या गावात आली. नवरे भारतात कमवायला गेलेल्या बायकांचं रक्त तपासलं, आणि माझ्यात गरमी निघाली. तुमच्याशिवाय मी कुणाजवळ गेले नव्हते. तुम्ही बंगळुरूहून येऊन भर अंगणात ओरडलात, "ही घाण माझी नव्हे!" स्वतः मात्र तपासून घेतलं नाहीत. मला हाकललंत, बिष्णाला घरात घेतलंत आणि परत गेलात.

सुया घेऊन मी बरी झाले. परवा झऱ्यावर बिष्णा भेटली. तिला दिवस गेलेत आणि अंगावर माझ्या अंगावर होते तसेच चट्टे. मीच तिला दवाखान्यात नेलं.

नर्स म्हणाली, "वेळेत आलात, बाळ वाचेल. पण नवऱ्यालाही सुई द्यायला हवी, नाहीतर पुढे डोळे जातात, डोकं फिरतं. त्याला कळवा."

बिष्णा रडायलाच लागली. "दिदी, मी कळवलं तर ते मला मारून टाकतील. तुम्ही लिहा ना!"

म्हणून लिहिलं. ती आता माझ्याकडेच राहते. तिला सांगेन, पाठवलं. आणि हे चुलीत घालेन.

डोळ्यांपुढे अंधार आला की मला हाक मारा. मी ऐकत बसेन.

जौकला