स्वयंपाकघरातली हद्द

१२ नोव्हेंबर, बुधवार
शेजारी त्रिशलाकडे सकाळीच जेसीबी आला. मागची न्हाणी पाडली. तिच्या नवऱ्यासाठी, भूपालअण्णांसाठी, खाली खोली बांधतायत, रुंद दाराची, आतच संडास-बाथरूम. अर्धांगवायूला वर्ष होत आलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. न्हाणीत न्यायचं तर मुलगा सन्मती एका बाजूला नि त्रिशला दुसऱ्या. खोली हवीच होती. मला बरंच वाटलं.

दुपारी धुणं वाळत घालायला गेले तर पायासाठी आखलेली चुन्याच्या फक्कीची रेघ थेट माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलेली. मधला बोळ सगळा त्यांच्या रेघेत. माझी धुण्याची फरशी, सांडपाण्याचा पाइप, सगळंच.
"सन्मती, बोळ आमचा आहे."
"काकू, बोळ आमच्यातच येतोय. नकाशा दाखवू का?"
तीस वर्षं तो बोळ मी झाडते. आवाज चढला माझा. गवंडी, बिगारी हातातलं काम सोडून बघत राहिले. "बाप अंथरुणाला खिळला आणि तू शेजाऱ्याच्या जागेची चोरी करायला लागलास?" असं बोलले. सगळ्यांसमोर.
त्यानं टेप गुंडाळला आणि आत गेला.

१३ नोव्हें., गुरु.
निखिलचा पुण्याहून फोन. "आई, तू एकटी आहेस म्हणून हे चाललंय. मोजणीचा अर्ज टाकू. वकिलाची नोटीसही जाऊ दे." हो म्हटलं.
हे असते तर अण्णांशी पाच मिनिटं बोलून मिटवलं असतं. हे जाऊन चार वर्षं. अण्णा आहेत, पण बोलता येत नाही. आमच्या दोन्ही घरांतलं बोलणं या दोघांवरच चालायचं, ते आता कळतंय.

१५ नोव्हें., शनि.
त्रिशला आली. उंबऱ्यापाशीच उभी.
"मोजणी नको घालू गं. माजं ऐक."
"का? मोजणीला घाबरायचं काय कारण?"
"घाबरत न्हाई. तुज्यासाठी सांगतीया."
माझ्यासाठी! मला हसू आलं. तोंडावर हसले मी तिच्या. म्हटलं, मग आधी काम थांबव.
चहा ठेवला होता. न घेताच गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

३ डिसेंबर, बुध.
नोटीस पोचली. काम बंद. कॉलमचे खड्डे तसेच उघडे, गजांना गंज धरायला लागलाय. निखिल खूश. म्हणाला, बघ, लगेच थांबले ना.
आमटी फोडणीला टाकताना हात आपोआप वाटीकडे गेला. त्रिशलानं कांदा-लसूण सोडलं तेव्हापासून तिच्यापुरती साधी आधी काढून ठेवायची सवय. काढलीही. मग वाटी पुन्हा पातेल्यात ओतली.

२१ डिसें., रवि.
थंडी फार. द्राक्षबागांवर सकाळी धुकं होतं. कपडे घ्यायला गच्चीवर गेले तर त्यांच्या मागच्या अंगणात साडीचा आडोसा केलेला. आत खुर्चीवर अण्णा. सन्मती अंगावर पाणी घालतोय, त्रिशला लगोलग पुसतेय. न्हाणी पाडलेली, खोली झालेली नाही. उघड्यावर अंघोळ. अण्णांचं अंग थडथड उडत होतं.
माझ्या नोटिशीमुळे.
कपडे तसेच सोडून खाली आले. निखिलला सांगितलं. म्हणाला, "ते त्यांनी आधी बघायला पाहिजे होतं." मी फोन ठेवला. बोलायला हवं होतं.

१९ जानेवारी, सोमवार
मोजणी झाली.
भूकरमापक तरुण होता. काठीवरचं यंत्र घेऊन आधी रस्त्याच्या बाजूनं फिरला, मग मागं. बोळात थांबेल वाटलं. थांबला नाही. म्हणाला, "बाई, आतलं दार उघडता का?" स्वयंपाकघरात आला. ओट्यापाशी काठी टेकवली, यंत्रात बघितलं, बाहेर जाऊन परत आला, परत टेकवली. मग गॅसच्या पुढं, माझ्या रोजच्या उभं राहायच्या फरशीवर, लाल रंगाची खूण केली.
"हद्द इथनं जाते. बोळ पूर्ण त्यांचा. तुमचं स्वयंपाकघर साडेतीन फूट त्यांच्यात आहे."
पंच म्हणून गल्लीतले दोघे होते, ते खाली बघायला लागले. सन्मतीलाही माहीत नसावं, तो आईकडे बघत होता. त्रिशला कुणाकडेच बघत नव्हती. पदर सावरला आणि घरी गेली.
सह्या करताना सन्मती म्हणाला, "मॅडम, इथं तुमची."
मॅडम.

२० जाने., मंगळ.
गेले तिच्याकडे. पुढच्या सोप्यात अण्णांची कॉट, पायाशी ती बसलेली. विचारलं, "तुला माहीत होतं?"
"व्हय."
"कधीपासून?"
"बांधलं तवापासनं. तुजा निखिल पहिलीत हुता. तुजी सासू तुला घरात चूल मांडू देत नव्हती, पत्र्याच्या शेडात सैपाक करायचीस. पावसात भिजलेली लाकडं घिऊन माज्याकडं रडत आलीस, इसरलीस? ह्येंनीच भावजींना सांगितलं, बांधा, कमी पडतंय तर आमच्यातनं घ्या. भावजी म्हणालं, हिला सांगू नका, मिंधी हुईल. न्हाई सांगितलं."
"आत्ता तरी बोलायचं होतंस!"
"मोजणी नको म्हणाय आलेच हुते की. तू हसलीस."

मी हात जोडले. तिनं माझे हात धरले नाहीत.
"जागेचं मला काय न्हाई बग. पर पोराला चोर म्हणालीस. बिगाऱ्यांम्होरं. तूच त्याला हात धरून ग म भ न शिकीवलंस. त्या दिवशी जेवला न्हाई त्यो."

निघताना अण्णा माझ्याकडे बघत होते. डावा हात उचलला, काहीतरी आवाज केला. लांबडा, घशातला. काय म्हणायचं होतं? मी त्रिशलाकडे बघितलं. ती एरवी त्यांचं सगळं ओळखते. तिनं सांगितलं नाही.

२१ जाने., बुध.
यांचा राग आला. फोटोसमोर उभी राहून बोलले. मिंधी झाले असते तर बिघडलं काय असतं? मिंधी राहिले असते, पण माणसात राहिले असते.
खुणेवर पाय पडू नये म्हणून बाजूला उभं राहून भाकरी थापली. पाठ धरली.

२४ जाने., शनि.
निखिलला म्हटलं, ओट्याकडची भिंत पाडून साडेतीन फूट सोडायचे. तर म्हणतो, "वकील म्हणाला, इतक्या वर्षांचा ताबा आहे, कोर्टात जागा आपली ठरू शकते. घर दोघांच्या नावावर आहे, मी कशावर सही करणार नाही. भावनेच्या भरात काही करू नको, आई."
"तू शाळेतून आल्यावर कुणाकडे जेवायचास रे? मी कामावरून पाचला यायचे."
म्हणाला, मीटिंग आहे.

२ फेब्रुवारी, सोम.
नोटीस मागं घेतली. स्वतः वकिलाकडे जाऊन लिहून दिलं. सन्मतीनं काम सुरू केलं, पण माझ्या भिंतीपासून बोळाची जागा सोडून. खोली अरुंद होईल. खाट बसेल, चाकाची खुर्ची वळायची नाही. मी बाहेर जाऊन म्हटलं, "आधी धरलेली रेघच बरोबर होती, सन्मती. तिथंच घे."
"असू द्या, मॅडम."
म्हादू गवंड्याला बोलावलं. माझी भिंत पाडायला कुणाची सही लागत नाही. तो म्हणाला, "बाई, ओटा जाईल, कपाट जाईल. उभं ऱ्हायापुरती जागा ऱ्हाईल." म्हटलं, चालेल. सोळा तारखेला सोमवारी येतो म्हणाला.

८ फेब्रु., रवि.
अण्णा गेले. सकाळी सात-साडेसातला. त्रिशलाची हाक नाही, काही नाही, सन्मती रस्त्यावर फोनवर बोलताना दिसला त्यावरून कळलं.
गेले. बायकांत दाराशी बसले. त्रिशला भिंतीला टेकून. माझ्याकडे बघितलं, पण ओळखीचं बघणं नव्हतं ते. खोलीच्या भिंती छातीपर्यंत आल्यात. मी दोन महिने काम अडवलं नसतं तर…
निखिल पुण्याहून निघून वेळेत पोचला. खांदा दिला. परत आला तेव्हा सन्मती आणि तो फाटकापाशी उभे होते.
जायच्या आधी स्वयंपाकघरात आला, लाल खुणेकडे बघत उभा राहिला. म्हणाला, "पाड, आई." पाणी न पिताच गाडीत बसला.

१४ फेब्रु., शनि.
कपाट रिकामं केलं. डबे, पातेली सगळी पडवीत. यांनी ओट्याच्या खाली सिमेंट ओलं असताना निखिलचं नाव कोरलंय, ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट दिसलं.

१५ फेब्रु., रवि.
संध्याकाळी सन्मती आला. आत नाही आला.
"म्हादूदादा म्हणाले, उद्या भिंत पाडणार. आईनं निरोप दिलाय, पाडू नका."
"का?"
"नको म्हणाली."
"तू काय म्हणतोस?"
"आता खोली कुणासाठी मोठी करायची, काकू?"
काकू म्हणाला. रडू आवरलं नाही मला. तो थांबला थोडा वेळ, मग गेला.

१६ फेब्रु., सोमवार
सकाळपासून तेच डोक्यात. "नको" म्हणजे काय? राहू दे, झालं गेलं, असं? की तुझ्याकडून आता काहीच घ्यायचं नाही, जागासुद्धा नाही, असं? तिचा आवाज ऐकला असता तर कळलं असतं. निरोपातून नाही कळत.
म्हादू आलाय. पडवीत डब्यांशेजारी बसवलंय, चहा दिलाय. हातोडा बाहेर काढू का विचारतोय. त्याला म्हटलं, दहा मिनिटं थांब.
तिच्याकडे जाऊन विचारते.