कुमुदचं बंद पान

हॅमिल्टन, १४ नोव्हेंबर

ती. वत्सलाअक्का,
इथूनच वाकून नमस्कार करतो.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. बर्फ अजून पडलेला नाही.

वेबसाइटवरच्या आपल्या वंशावळीत कुमुद का दिसत नाही, असं तू विचारलंस. अठ्ठ्याण्णव साली आम्ही पाच-सहा हौशी मंडळींनी वंशावळींची ही वेबसाइट सुरू केली, तेव्हा नियम मीच घातला होता: माणूस हयात असेपर्यंत त्याचं पान बंद ठेवायचं. तेव्हा कुमुद इथल्या दफनभूमीत थडग्यांवरची नावं मोठ्यानं वाचायची आणि मी वहीत उतरवायचो. घरी येऊन टाइप करायचो.

परवा किचनरहून देवयानीचा फोन आला. हल्ली वेबसाइट तीच सांभाळते.

"काका, काकूंचं पान अजून 'हयात' दाखवतंय. मी अपडेट करू?"

"तुला दुसरं काम नाही का गं?"

"सॉरी काका," म्हणाली बिचारी. उगाच बोललो तिला.

वर्ष झालं, अक्का. लोकांच्या जाण्याच्या तारखा भरायच्या राहिल्या की मी मागे लागायचो. हिची मात्र माझ्याच्यानं टाकवत नाही.

तुझा गुडघा कसा आहे? रविवारी फोन करीन, तेव्हा जरा वेळ लाइनवर थांब. काम दोन मिनिटांचंच आहे, पण एकट्यानं होत नाही.

तुझा धाकटा,
श्रीधर