ताईच्या नावाची रजा

ताई,

हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते.

आमचे साहेब थंडीत कुणालाच रजा देत नाहीत, घरातलं कुणी गेलं तरच देतात. दर हिवाळ्यात मी दोन स्वेटर घालून इतरांचे समुद्राचे फोटो बघायचे. यंदा ठरवलं, उन्हात जायचंच. आईबाबा आधीच गेलेले, उरलीस तू. म्हणून तुला मारलं.

बाबांच्या घरावरून भांडताना 'तू मला मेलीस' असं तूच म्हणाली होतीस ना? मी फक्त परतफेड केली. ऑफिसने दोन मिनिटं उभं राहून तुला श्रद्धांजली वाहिली, चहा मात्र गार झाला. मलाही रडू आलं. तिसऱ्या दिवशी मी गरम वाळूत पाय पुरून बसले होते.

काल कामावर परतले, तर भावोजींचा फोन. तू दवाखान्यात आहेस, तुझं काही खरं नाही म्हणाले, सारखी माझं नाव घेतेस, मी लगेच निघावं.

मी म्हटलं, रजा मिळत नाही. त्यात खोटं काय? एकाच बहिणीसाठी साहेब दोनदा रजा कशी देतील?

आणि तुझ्यासाठी रडून झालंय माझं.

तुझी,
उन्हाने रापलेली धाकटी